शेवटच्या दारापर्यंत मीच पोचले होते

मी, सुकेशनी नागनाथ भालेराव, वय ४१ वर्षे, धंदा पिठाची गिरणी व मिरची कांडप, राहणार गंगाखेड, जिल्हा परभणी. आज ठाण्यात स्वतः हजर होऊन, विचारलेले आणि न विचारलेलेही खरे ते सांगते की,

आमच्या घरी टीव्हीला जोडून खेळायचे गेमचे यंत्र आहे. ते जुने घेतलेले असल्याने पावती नाही. ते मी माझ्यासाठी घेतले. आम्हाला मुलगा नाही. मुलगी लातूरला नर्सिंग शिकते, तिला गेमची आवड नाही. माझे पती नागनाथ साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतात, त्यांना रिमोट धरता येत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा मी खेळते. जबाब लिहिणारे हवालदार माणिकराव यांनी हे ऐकून पेन थांबवले, म्हणून पुन्हा सांगते की मीच खेळते.

जिल्ह्यातील गेम खेळणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. झरी, जिंतूर इकडची पोरे त्यात आहेत. कोणता गेम जास्त अवघड, कोणत्यात मारामारी कशी, कोणता पैसे टाकून घेण्यासारखा, यावर तिथे रोज वाद चालतो. माझा फोन आधी पतीकडे होता, नाव बदलायचे राहिले, त्यामुळे सर्वजण मला नागनाथभाऊ म्हणतात. मी कधी खोडले नाही. वाद मिटत नसला की माझे मत विचारतात. जिंतूरच्या एकाने 'दोन तलवारी' या नव्या गेमची फार तारीफ केली, तेव्हा मी लिहिले की त्यात डोळे मिटून बटणे दाबली तरी शत्रू मरतो, दोन दिवसांत खेळ खलास, किंमत मात्र पुरी. त्यापेक्षा 'काळा किल्ला' जुना आहे, स्वस्त आहे, आणि वर्षभर पुरतो, कारण तो माणसाला सहज जिंकू देत नाही. पैसा वसूल म्हणायचे तर त्याला. त्यावर तो वाद मिटला.

'काळा किल्ला'मध्ये लढायच्या दोन तऱ्हा आहेत. हलके कपडे घालून, वार आला की लोळण घेऊन बाजूला व्हायचे, ही एक. बहुतेक पोरे अशीच खेळतात. दुसरी म्हणजे जड लोखंडी चिलखत घालून जागेवर उभे राहायचे, वार अंगावर येऊ द्यायचा आणि ऐनवेळी हातोड्याने परतवायचा. जरा लवकर किंवा उशीर झाला की मेलाच. मी सर्वात अवघड पातळीवर दुसऱ्या तऱ्हेने खेळते. कांडप यंत्राच्या दोन ठोक्यांच्या मधे मिरची सारणाऱ्या बाईला थांबणे शिकवावे लागत नाही. मी ढाल घेत नाही, हे ग्रुपवरही लिहिलेले आहे. अशा रीतीने मी किल्ल्याच्या शेवटच्या दारापर्यंत पोचले होते. दाराच्या आत राजा तेवढा राहिला होता.

यंत्राच्या पंख्यात पीठ जाऊन ते तापू लागले, म्हणून बसस्टँडजवळचे दुरुस्तीवाले बजरंग फड, वय अंदाजे २५, यांच्याकडे साफ करायला दिले. चार दिवसांनी ते म्हणाले, "काकू, बोर्डच जळालाय ह्याचा. आता काय न्हाई ऱ्हायलं ह्याच्यात. पोराला म्हणावं, दुसरं घे." मी बंद यंत्र घरी आणले. दीड वर्षाची मेहनत गेली म्हणून मी त्या दिवशी जेवले नाही. पती म्हणाले, "खेळणंच हाय ते, जाऊ दे." मला ते लागले.

बजरंग त्याच ग्रुपमध्ये आहेत. पुढच्या रविवारी त्यांनी तिथे टीव्हीचा फोटो टाकला. शेवटचे दार, सर्वात अवघड पातळी, आणि खाली मजकूर, 'लय घाम गाळला, पण पोचलो.' फोटोतल्या लढवय्याच्या अंगावर जड चिलखत होते, हातात हातोडा, डावा हात रिकामा. असा वेश ग्रुपमध्ये माझ्याशिवाय कोणी ठेवत नाही. पन्नास जणांनी शाबासकी दिली. मेहनत माझी आणि टाळ्या त्यांना, आयत्या बिळावर नागोबा. मला राग आला, पण आधी अभिमान वाटला, कारण आपले काम परक्याच्या टीव्हीवर पहिल्यांदाच पाहिले. नंतर घरचे बंद यंत्र उघडून पाहिले. आमच्या घरच्या यंत्राच्या फटीतले पीठ साफ करूनही पुरते जात नाही, यात मात्र कणही नव्हता. ते आमचे नव्हतेच.

मी ठाण्यात आले. बजरंग यांना यंत्रासह बोलावले असता ते म्हणाले की यंत्र त्यांचे आहे, खेळही त्यांचाच आहे, आणि "ह्या काकूला रिमोट तरी धरता येतो का, इचारा." पोलीस उपनिरीक्षक माधवी मॅडम यांनी यंत्र ठाण्यातील टीव्हीला जोडायला लावले आणि म्हणाल्या, "दोघंही खेळून दाखवा."

बजरंग आधी बसले. दार उघडून राजासमोर गेले आणि सवयीने लोळण घेतली. जड चिलखतातला माणूस लोळत नाही, पोत्यासारखा आपटतो. राजाने त्यांना पहिल्याच वारात मारले. तीनदा असेच झाले. ते म्हणाले की रिमोट खराब आहे. नाचता येईना अंगण वाकडे.

त्याच रिमोटवर मी बसले. राजाचे वार येऊ दिले आणि एकेक परतवले. ठाण्यातली माणसे टीव्हीजवळ आली. सोबत आलेले पती मागे उभे होते, त्यांनी याआधी मला खेळताना बसून कधी पाहिले नव्हते. राजाचा जीव एका वारापुरता उरला तेव्हा मी गेम थांबवला.

बजरंग माझ्याकडे पाहत म्हणाले, "बिनढालीचे नागनाथभाऊ तुमीच का?" मी हो म्हणाले. त्यावर त्यांनी सर्वांसमोर कबूल केले की यंत्र माझे आहे आणि ते विकण्यासाठी त्यांनी मला दुसरे बंद यंत्र दिले. विकण्याआधी आतला खेळ सगळा पुसायला पाहिजे होता हे त्यांना कळत होते. "पण हात धजला न्हाई, काकू. असं खेळलेलं कोण पुसतंय?" हे ऐकून मला बरे वाटले, नाकारत नाही. तरी माझी तक्रार कायम आहे.

मॅडम म्हणाल्या की यंत्र आता मुद्देमाल म्हणून जप्त होईल, कोर्टातून कधी सुटेल सांगता येत नाही, एकच वार राहिला आहे तर मारून घ्या. पती म्हणाले, "मार की, सुकेशनी. समदे बघायलेत." गेम इथेच बंद केला तर राजा पुन्हा पुऱ्या ताकदीने उभा राहतो, हे मी त्यांना समजावून सांगितले. मग गेम बंद केला. माझा राजा चोरीच्या तपासात मारायचा नाही. तो मी माझ्या घरी, माझ्या खुर्चीत बसून मारणार आहे. तोवर त्याने दाराआड वाट पाहावी.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे असून खरा आहे. पुराव्याकामी राजाशी पुन्हा लढून दाखवायला बोलावल्यास येईन, पण ढाल घेणार नाही.