पुलीच्या मध्यबिंदूवरील १,१३६ फुलपाखरांबाबत

नाव: पान झुंग-यी, वय ४९ वर्षे, धंदा: नोकरी (संग्रहालयातील नमुन्यांचे ऑनलाइन पोर्टल सांभाळणे), राहणार: पुली, जिल्हा नानतोऊ, तैवान.

ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की,

मंगळवार दि. १६ सप्टेंबर रोजी सकाळी सहा वाजता मी नेहमीप्रमाणे गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भूमिदेवाला उदबत्ती लावली. त्यानंतर ऑफिसला न जाता स्कूटरवरून श्रीमती वू चिन-लिएन, वय ७४, यांच्या शेतावर गेलो. त्या पाण्यातल्या बांबूकोंबांचे पीक घेतात. आदल्या दिवशी, शेतात जाळी घेऊन अनोळखी लोक शिरतात म्हणून, त्यांचा मला फोन आला होता. तो तिसरा फोन होता. पहिला एप्रिलमध्ये आला, तेव्हा मी "नोंद तपासून कळवतो" असे म्हणालो होतो. कळवले नव्हते.

आमच्या संग्रहात टाचणीला लावलेली जुनी फुलपाखरे आहेत. पूर्वी इथले लोक ती पकडून व्यापाऱ्याला देत आणि चिठ्ठीवर नुसते "पुली" लिहीत. पोर्टलवर अक्षांश-रेखांशाचा रकाना रिकामा ठेवला, तर नमुना नकाशावर दिसत नाही. नकाशावर जितके नमुने जास्त, तितका संग्रहालयाचा क्रमांक वर. म्हणून सहा वर्षांपूर्वी मी अशा १,१३६ नमुन्यांना पुलीचा मध्यबिंदू दिला. शेजारी "अंदाजे" असे लिहायचे असते. ते राहिले. तो बिंदू श्रीमती वू यांच्या शेतात पडतो हे मला तेव्हा माहीत नव्हते. एप्रिलपासून माहीत होते.

मी पोहोचलो तेव्हा श्री. हो यान-त्सुंग, वय ६६, निवृत्त दंतवैद्य, राहणार ताइपेइ, हे शेतात गुडघाभर पाण्यात एका बुटावर उभे होते. दुसरा बूट आणि जाळे श्रीमती वू यांच्या हातात होते. बांध हातभर फुटून पाणी शेजारच्या शेतात चालले होते. दोघांनीही त्याआधीच ठाण्यात फोन करून एकमेकांविरुद्ध तक्रार दिली होती.

श्री. हो मला म्हणाले, "तुम्हीपण बिंदूवर आलात का? जरा पुढे आहे. फोन म्हणतोय अजून चार मीटर."

श्रीमती वू म्हणाल्या, "चार मीटरवर माझं पंपघर आहे. त्यात बेडूक आहे. हवा तर घेऊन जा."

"आजी, अकराशे छत्तीस फुलपाखरं याच जागी सापडलीत. शास्त्रीय नोंद आहे."

"पन्नास वर्षं इथे वाकतेय मी. कोबीवरचं पांढरं सोडून दुसरं दिसलं नाही. कोण मेला लिहितो ही नोंद?"

मी सांगितले, "मी लिहितो, आजी."

"फोनवर चांगला शहाणा वाटला होतास," असे म्हणून त्यांनी माझ्या हातात फावडे दिले.

पाणी उतरले की कोंबांना ऊन लागते, ते हिरवे पडतात आणि कोणी घेत नाही. कापणी चार दिवसांवर होती. आम्ही तिघांनी साडेनऊपर्यंत बांध घातला. जाळ्यातून चिखल नेता येत नाही, हे श्री. हो यांनी दोनदा करून पाहिले. पीक वाचले. त्यानंतर श्रीमती वू यांनी आम्हाला कोंबांचे सूप दिले. श्री. हो यांना दोनदा वाढले आणि बूट परत केला. जाळे दिले नाही. त्या म्हणाल्या, "हे कोंबड्यांच्या पिल्लांवर घालायला बरं आहे." श्री. हो यांनी हरकत घेतली नाही.

बांध श्री. हो यांच्या पायाने फुटला आणि जाळे श्रीमती वू यांनी हिसकावले, हे दोन्ही खरे आहे. पण श्री. हो यांना तिथे मी पाठवले. एप्रिलपासून आलेल्या बाकीच्यांनाही मीच पाठवले.

त्याच दिवशी अकरा वाजता मी आमच्या प्रमुख लाई मॅडम यांना हे सांगितले आणि त्या नमुन्यांचे अक्षांश-रेखांश काढून टाकतो म्हणालो. त्या म्हणाल्या, "सगळे काढलेत तर आपण पहिल्यावरून नवव्यावर जाऊ. त्यापेक्षा बिंदू तळ्यात सरकवा ना. तिथे कोण बांध फोडणार?"

मी म्हणालो, "मग फुलपाखरं पोहत होती असं होईल, मॅडम."

त्या हसल्या. म्हणाल्या, "पानसाहेब, काढायचे तर तुमच्या सहीने काढा. वरून विचारणा झाली, तर तुम्हीच उत्तर द्यायचं."

त्या १,१३६ चिठ्ठ्यांपैकी तीनशेच्या आसपास माझ्या वडिलांच्या अक्षरातल्या आहेत. ती फुलपाखरे नेमकी कुठे धरली, हे त्यांना विचारायचे राहिले. लिहिणाऱ्याने माहीत होते तेवढेच लिहिले. त्यात भर घालण्याचा मला अधिकार नव्हता.

मंगळवारी दुपारी एकपासून बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत मी ते सर्व आकडे काढले. एकदम पुसता येतात, पण मी प्रत्येक चिठ्ठी वाचून एकेक पुसला. त्या जागी "पुली. नेमकी जागा माहीत नाही." असे लिहिले आणि खाली माझी सही नोंदवली. आमची माहिती उचलणाऱ्या दोन परदेशी पोर्टलांनाही कळवले. त्यांनीही बदल केला आहे.

हा मजकूर हवालदारांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. आज सकाळी नकाशा उघडून पाहिला. श्रीमती वू यांच्या शेतावर आता काहीही नाही.