मटाराच्या दाण्याएवढं

...आणि वर ही माझी बायको लोर्ना मलाच विचारते, "मर्ल, कुत्र्याच्या कानाला हे तांबडं कसं लागलं?" आता काय सांगू, तुम्हीच सांगा! बंदुकीची नळी बदलली मी कोठारात, दार लावून. कुत्रा होता अंगणात! पण ते वंगण... तुम्हाला सांगतो, मोंटानात चोपन्न हिवाळे काढले, अस्वलं बघितली, वणवे बघितले, पण त्या तांबड्या वंगणाच्या डबीएवढी अफाट गोष्ट जन्मात बघितली नाही!

बंदूक लोर्नाची. नऊ वर्षं ती एल्कच्या परवान्यासाठी सोडतीत नाव घालतेय, घोड्याएवढं ते हरीण, आणि नऊ वर्षांनी यंदा नंबर लागला! शनिवारी हंगाम सुरू, जुनी नळी पार झिजलेली. ती म्हणाली, "ओड्विनकडे देऊ या." मी म्हणालो, "ओड्विन कशाला? मी आहे ना!" ...तिथंच माती खाल्ली.

कारण ओड्विन म्हणजे काय माणूस आहे! ब्याऐंशी वर्षांचा बंदुकीचा मिस्त्री, आणि काम करतो पांढऱ्या शर्टात. पांढऱ्या! जसा काही लग्नालाच निघालाय! चाळीस वर्षांत त्या शर्टावर डाग? शोधून दाखवा! डबी त्याच्याकडूनच आणली, तेव्हा बोट वर करून म्हणाला होता, "मर्ल, आट्यांवर मटाराच्या दाण्याएवढं. बस्स."

मी म्हटलं, एवढंसं लावलं आणि पुढं नळी आट्यांत अडकून बसली तर? म्हणून थोडं जास्त लावलं... म्हणजे आटे दिसेनासे होईतो. नळी आवळली, तर सांध्यातून ते हळूच बाहेर. पुसलं. चिंध्या संपल्या, वंगण संपेना! पुसावं तिथं पसरतंय! पाना, दाराची कडी, ट्रकचं स्टिअरिंग, माझा चष्मा... रविवारी चर्चच्या दारात पाद्रीबाईंनी माझ्याशी हात मिळवला, मग सगळ्या गावाशी मिळवला, आणि मंगळवारी, तुम्हाला सांगतो, पोस्टाच्या काउंटरवर तांबडी बोटं! मटाराच्या दाण्याएवढं म्हणे!

बुधवारी नळी नीट बसलीय का बघायला गेलो. त्याला काडतुसाच्या आकाराचं पोलादी माप असतं, ते घालून बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मिटला पाहिजे. मिटेना! लोर्ना बघत उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं हो! तिनं नुसता फ्रिजवरचा परवाना काढला, वाचला आणि परत चिकटवून ठेवला.

गेलो ओड्विनकडे. "नळी बाद आहे बहुतेक," मी आपला म्हणालो. त्यानं बॅटरी मारून आत बघितलं. बराच वेळ बघितलं.

"किती लावलंस?"

"मटाराच्या दाण्याएवढं."

"कुठं पिकतो रे असला मटार?"

मग काडीला कापूस गुंडाळला. हात लटलट कापत होता, पण काडी आत गेली आणि... तुम्हाला सांगतो, कापणं थांबलं! बोल्ट बसतो त्या खाचेतून एकदा फिरवायची, फेकायची, नवी घ्यायची. शेवटच्या काडीचा कापूस पांढराच्या पांढरा बाहेर आला, त्यानं माप घातलं आणि बोल्ट... टक्! स्वतःच्या वजनानं मिटला! "नळी उत्तम आहे," म्हणाला, "बसवलीसही छान. फक्त आत सगळा वंगणाचा लगदा भरून ठेवलास." आणि शर्ट? कोराकरकरीत! मी आदरानं टोपी काढली, तर कपाळावर तांबडा पट्टा!

शनिवारी लोर्नानं एक गोळी झाडली. एकच! एल्क जागच्या जागी आडवा. ती रडली, मी रडलो.

सोमवारी मी आणि लोर्ना मांस घेऊन ओड्विनकडे गेलो. सहा वेळा हात धुतले होते, कोट धुतलेला, आणि भरून आलं हो मला, मारली त्याला मिठी! तो मांस ठेवायला वळला... पाठीवर माझी पाचही बोटं, तांबडीलाल! ट्रकच्या दाराची कडी पुसायची राहिली होती! लोर्नानं डोळेच मिटून घेतले. ओड्विननं आरशात मान वळवून बघितलं, आणि हळूच म्हणाला, "मर्ल. मटाराच्या दाण्याएवढं."

आता तो शर्ट दुकानात भिंतीवर टांगलाय, बरोबर वंगणाच्या डब्यांच्या वर. कुणी विचारलं, "ओड्विन, हे लावायचं किती?" की तो नुसतं शर्टाकडे बोट दाखवतो. आणि मी? मी आपला खिशात हात घालून उभा असतो.