मादाम नझीहांच्या खोलीचं दार

समारंभाचे अध्यक्ष आणि आपले कुलगुरू सी बशीर, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी प्राध्यापक, आणि ज्यांना निरोप द्यायच्या निमित्ताने आपण अर्ध्या कैरवान शहराची मकरूद मिठाई फस्त केली त्या मादाम नझीहा, सर्वांना माझा सलाम.

मला दोन शब्द बोलायला सांगितलंय. इतिहासाच्या प्राध्यापकाला दोन शब्द पुरत नाहीत हे ठाऊक असूनही संयोजकांनी धोका पत्करला, त्यांचे आभार.

मादाम नझीहांचं काम काय होतं? आम्हा प्राध्यापकांना संगणकाच्या मदतीने शिकवायला शिकवणं. सोपं वाटतं ना? मी पडद्यावर मजकूर दाखवायला शिकलो आणि तोच मजकूर तासभर मुलांकडून उतरवून घेऊ लागलो, अगदी स्वल्पविरामासकट. मादाम नझीहा मागच्या बाकावर बसून बघत होत्या. नंतर त्यांच्या खोलीत मला म्हणाल्या, "सी तौफीक, हे सगळं मुलांना एका बटणावर पाठवता येतं."

"मग मी तासभर काय करू?"

"शिकवा की."

इतक्या वर्षांच्या नोकरीत मला असं कोणी बोललं नव्हतं. तरी राग आला नाही, कारण दार लावलेलं होतं. त्यांच्याकडे जो जाई तो आधी दार लावून घेई. पासवर्ड विसरलेला प्राध्यापक विद्यार्थ्यांच्या नजरेला पडून कसं चालेल? आत कोण आलं, कुणाचं काय अडलं, याचा त्यांनी बाहेर कधी पत्ता लागू दिला नाही. कॉफी पिताना मी इतरांना सहज विचारायचो, "कसं चाललंय संगणकाचं?" उत्तर यायचं, "झकास. माझं तर बुवा काही अडत नाही." मला वाटायचं, अख्ख्या विद्यापीठात मठ्ठ मी एकटाच.

मग गेल्या वसंतात ती सभा झाली. सी बशीरांनी स्वच्छ विचारलं, "अजून कोणाला मदत लागते?" सभागृह भरलेलं होतं. एकही हात वर झाला नाही, माझाही नाही. मादाम नझीहा खाली बघत बसल्या होत्या. आमच्यापैकी दोघाचौघांची नावं त्यांनी नुसती घेतली असती, तर त्यांचं पद राहिलं असतं. त्यांनी घेतली नाहीत. काम पूर्ण झालं असं ठरलं, पद रद्द झालं, आणि आता त्या बिझर्तेला बहिणीकडे राहायला चालल्या आहेत.

मला याचं फार वाईट वाटतं. आमची अब्रू राखता राखता त्यांची नोकरी गेली, आणि आपण त्यांना गालिचा देतो आहोत. गालिचा सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही.

सी बशीर, उद्या सकाळी माझा पहिल्या वर्षाचा तास आहे. मुलांनी पाठवलेली उत्तरं संगणकावर कशी उघडायची, ते मला अजून येत नाही. हे कुठेतरी नोंदवून घ्या. उशीर झालाय, कळतंय मला.

मागून कोण बोललं? सी मुन्सिफ? तुम्हालाही येत नाही? अहो, तुम्ही तर मला झकास म्हणत होता. आणि मादाम दलीला, तुम्हीसुद्धा? थांबा, एकेकाने बोला.

असो. वेळ फार घेतला. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर आपण सर्वांनी पोटात घालावं. त्या दिवशी गप्प बसलो, त्याची माफी मात्र या सभागृहाकडे मागून भागणार नाही. ती मी मादाम नझीहांकडे मागतो.