पोळ्यापर्यंत पुरेल एवढी कादंबरी

—नको, ही नको भाऊराव, हातात घेतली तशीच कळली, चार दिवसांत फडशा पाडंल पोरगी हिचा. मला जाडी द्या. त्या राणीच्या वेळची — हाव, तीच, रुपयावरची, गालफुगी — व्हिक्टोरिया, तुम्ही घ्या नाव, माझ्या तोंडात बसत नाही. मागच्या खेपेला तुम्हीच तं म्हणाले होते ना, त्या काळच्या लोकांना घाई नव्हती, एक माणूस दारातून आत यायला तीन पानं घेते? तशीच पाहिजे. परवापासून आमचा श्रावण लागते — तुमच्या ह्या नेपियर टाउनात सावन कधीचाच लागला, झोके टांगले पोरींनी, ह्या हिंदीवाल्या लोकांचा पंधरा दिवस आधी लागते न — पण आमचा परवा. आन् तिथून थेट पोळ्यापर्यंत रोज दुपारी वाचन झालं पाहिजे. एक दिवस खाली जायला नको. एकही नाही, समजलं का?

हसता काहून? श्रावणात म्हातारी पोथी सोडून साहेबांच्या गोष्टी मागून राहिली म्हणून? हसा. आमच्या घरी पोथी लागतेच श्रावणात. आधी आमचे हे वाचायचे, हे गेल्यावर अच्युत वाचायचा — माझा नातू, ओळखता की, तुमच्याच दुकानाच्या पायरीवर बसून सायकलीची चेन बसवायचा. मी अंगठा उठवणारी बाई, मी नुसतं ऐकायची. तो पलटणीत गेल्यापासून विभावरी वाचते, अच्युतची बायको. पण पोथी तिला पाठ आहे भाऊराव. पाठ असलेलं वाचताना माणूस तोंडानं वाचते आन् कान दाराकडे ठेवते. इंग्रजी पुस्तक हातात घेतलं की मात्र पार बुडते पोरगी. दोन पानं मनात वाचते, मग मान वर करून मला मराठीत सांगते — मी इकडे वाती वळून राहिली, ती तिकडे सांगून राहिली, कारखान्याचा भोंगा होईस्तोवर. सायकलीची घंटी वाजली तरी उठत नाही. मला तेवढंच पाहिजे. घंटी वाजली तरी उठायला नको.

ती वरची काढा बरं, निळ्या पुठ्ठ्याची. अच्छा वजन आहे. कसर तं नाही लागली? दाखवा. काय आहे हिच्यात? — कोळशाची खाण? ठेवून द्या, खाणीत माणसं दबतात. ही? — मास्तरीण, बरं, मग? — अन् लग्न शेवटपर्यंत होतच नाही? मग सहाशे पानं करते काय ती? ठेवा बाजूला, नको तं नाही म्हणत. ह्या पिवळीत? — पहिल्याच पानावर मयत? अहो, तुम्हाला दुसरं काही मिळतच नाही का साहेबांच्या बंगल्यांतून! मला अशी द्या, जिच्यात कोणी मरत नाही. गरिबी चालंल, भांडण चालंल, दुष्ट सासू चालंल, ती तं मला आवडते. मरण नको. आठवा महिना सरून राहिला तिचा, अच्युत दिवाळीला महिनाभर सुट्टीवर आला होता तेव्हाचा. डॉक्टरीणबाईनं बजावून सांगितलं, पोळ्याच्या मागंपुढं होईल, तोवर हिच्या जिवाला धक्का लागू देऊ नका. धक्का म्हणजे काय ते मला माहीत आहे, डॉक्टरीणबाईनं नको सांगायला. मागच्या वेळी अच्युतचा पलटणीचा हुकूम आला — कारखान्यात फिटर होता, तिथून उचलून लष्कराच्या वर्कशॉपात टाकला, बर्माच्या अंगाला — त्या संध्याकाळी ही पायरीवर मट्‌कन बसली, आन् दोन दिवसांत गेलं. सातव्यात. मुलगा होता. मीच पाहिला, तिला नाही पाहू दिला.

हे घ्या तुमचे जुने. एक, हा दुसरा. — हाव, तीन आहेत, तीन खंड आहेत, मला मोजता येते. पहिला देते ना, कुठे पळून चालली का मी? मांडीवर आहे तं राहू द्या जरा. लाल कापड? बांधून ठेवलं होतं म्हणून. पोथीची समाप्ती झाली की आपण बांधून देवाजवळ ठेवतो ना, पुढच्या श्रावणापर्यंत कोणी सोडत नाही — तसं. मला वाटलं, पहिलं पुस्तक झालं, समाप्ती झाली, आता ह्याला कोण हात लावते! मला काय ठाऊक की तिन्ही मिळून एकच गोष्ट आहे — ओढू नका, भाऊराव! कापड ओढू नका. सांगते.

तार आली. आज बारावा दिवस. बरोबर दुपारची वेळ, ही झोपली होती, मी अंगणात. तारवाला सायकलीवरून उतरला, अंगठा घेतला माझा, आन् म्हणे, अम्मा, पढ़ दूँ? मी म्हटलं, नहीं भैया, मत पढ़ो. हात जोडले त्याच्यापुढे. तो बिचारा पाहतच राहिला. हे लिफाफे असे बंद असतात ना, चिकटवलेले — मी ती चिकटपट्टी बोटानं चाचपून पाहिली, अन् तशीच आत नेऊन ह्या पुस्तकात ठेवली, जहाजाचं चित्र आहे त्या पानात, आन् बांधून टाकलं. कोणाला नाही दाखवली. आमच्या गोहलपुरात वाचणारे का कमी आहेत? शेजारचे रामराव आहेत, दिवसभर पेपर वाचून कान खातात. पण वाचली की झालं ना. वाचली नाही तोवर अच्युत आहे. दीड वर्षाचा होता तो, साथीत आठ दिवसांत आई आन् बाप दोन्ही गेले त्याचे, तेव्हापासून ह्या हातांनी वाढवला — आन् मी कोणाच्या तोंडून ऐकू, कशाला ऐकू? कदाचित बढती झाली असंल. सुट्टी मिळाली असंल. सुट्टीची तार करतात ना लोक? — करतात की नाही, बोला ना!

आज निघताना म्हटलं, काढून पदरात बांधू, पुस्तक तं परत द्यावं लागंल. हात नाही धजला. तशीच बांधलेली घेऊन आली. रस्त्यात असंही आलं मनात, तुमच्याकडून वाचून घ्यावी. आता नको. आता तुम्ही मला जाडं पुस्तक द्या, ही तार मी तांदळाच्या डब्यात ठेवीन, आन् पोळा होऊन जाऊ द्या, बाळ रडू द्या एकदा, मग मी स्वतः तिच्या हातात देईन. मग तिनं मला मारलं तरी चालंल.

आन् ही गोष्ट मोठी चांगली होती हो. अशीच द्या दुसरी. दस्तान्यांच्या, हातमोज्यांच्या दुकानवाली ती बाई, तिचा नवरा जहाजावर जाते मासे मारायला, ते मोठे, तेलाचे देवमासे — आन् वर्षं जातात, गावाला वाटते बुडाला. मला तं घास गिळंना दोन दिवस. मग शेवटी आला ना! बर्फ पडून राहिलं, ही चुलीपाशी, आन् तो समोरच्या दारानं नाही आला, मागच्या दारानं आला, आत यायच्या आधी दोनदा खोकरला — मी तं हसलीच, मी म्हटलं, अगं विभा, हा तं आपल्या अच्युतसारखा, तो पण मागूनच येते आन् दोनदा खोकरते! तिनं मान खाली घातली, पान उलटलं...

काय, परत येत नाही तो? — नाही नाही. तुम्ही दुसरी गोष्ट म्हणून राहिले. येते तो. — अहो, येते! मी माझ्या कानांनी ऐकलं, परवाच्या दुपारी. तुमच्याकडे हजार पुस्तकं, तुमचं इकडचं तिकडे झालं असंल. — शेवटचं पान? दाखवा, मला काय दाखवता, मला ते मुंग्या चालल्यासारखं दिसते. वाचून सांगा. — सावकाश.

एकटीच दुकान उघडते. पाटीवरचं नवऱ्याचं नाव तसंच ठेवते. आन् संपते? मागचं दार नाही? बर्फ नाही?

थांबा. मला ही गाठ सोडू द्या. — अग बाई. ही माझी गाठ नाही. माझी गाठ आडवी असते, ही तं सरफास आहे, ओढली की सुटणारी, विभावरीची, ती पाळण्याची दोरी अशीच बांधून ठेवते. जहाजाचं चित्र... हे. इथंच आहे तार. इथंच ठेवली होती मी. पण भाऊराव, मी ही उघडली नव्हती. मी शपथेवर सांगते, बंद होती, बोटानं चाचपली होती मी. हे पहा, किती सरळ कापली. केसातल्या आकड्यानं. कुठंच फाटली नाही.

नका हात लावू. नका वाचू म्हणते ना!

म्हणजे तिला — आन् तरी रोज दुपारी समोर बसली. दूध प्यायली. मी म्हटलं दोन घोट आणखी घे, तं घेतले. आन् मला त्याला मागच्या दारानं घरी आणून दाखवला. माझ्या जिवाला धक्का लागू नये म्हणून, ह्या साठीपार केलेल्या जिवाला! आन् मी काय केलं? वाती वळत हसली.

भाऊराव, ही तार लिफाफ्यात जशी होती तशीच ठेवते मी. जहाजाच्या पानात. हा खंड आज देत नाही, हरवला म्हणा, म्हातारीनं हरवला म्हणा. सरफास मला येते, तिनंच शिकवली. घरी नेऊन देवाजवळ होता तसा ठेवीन, तिला कळायला नको की मला कळलं. पोळ्यापर्यंत. नंतर आम्ही दोघी पाहून घेऊ.

ती पिवळी द्या. — हाव, तीच, पहिल्या पानावर मयत असलेली. ती खाणीची पण द्या, आन् ती मास्तरीण. असू द्या, कोणी मरो की जगो, कोणी येवो की न येवो, काही फरक पडत नाही. आमची पोरगी शेवट बरोबर करते. मला फक्त शेवटपर्यंत बसून ऐकायचं आहे.

बांधा लवकर, भोंगा होईल. आन् असे पाहू नका माझ्याकडे. तुम्हाला काही माहीत नाही, मी काही बोलली नाही. चला, सरका, त्या पायरीवरून उतरू द्या मला.