कच्च्या टाक्यांचा सूड

—अरे हलू नकोस, टाचणी लागेल. हां, असा. आणि पोट आत ओढायची काही गरज नाही, ज्याचा हा पोशाख आहे त्यालाही पोट आहेच, टीव्हीवर दिसत नाही इतकंच. तर कुठे होते मी? — हां, सूड. सूडच म्हणाले, बरोबर ऐकलंस. पण तू असा तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखा का उभा आहेस रे? आल्यापासून एक शब्द नाही. सकाळी त्या सुपरहिरोंच्या ऑफिसातून फोन आला, की म्होरक्याला वेळ नाही, त्याच्याच मापाचा मुलगा ट्रायलला पाठवतो, त्याला बसला की म्होरक्याला बसेल — म्हणजे तू तिथला कारकून असणार. मान हलवलीस, म्हणजे कारकूनच. मग तुला सांगायला हरकत नाही. कारकुनांच्या पोटात गोष्टी राहतात. आमचे हे कारकूनच आहेत, लग्नाला इतकी वर्षं झाली, त्यांच्या पोटात काय आहे ते अजून मला कळलेलं नाही.

आता तूच सांग, तुमच्या त्या चार सुपरहिरोंनी पाचवी जागा भरायची म्हणून जाहिरात दिली होती की नाही? दिली होती. वयाची अट होती? नव्हती. अंगी काहीतरी विशेष हवं, एवढंच होतं. माझ्या अंगी आहे. ही टाचण्यांची डबी बघ, तिकडे टेबलावर — बघतोयस ना? — आल्या की नाही तळहातावर? लहानपणापासून येतात. सुई, टाचणी, कात्री, पोलादाचं जे असेल ते मी मनात आणलं की माझ्याकडे येतं. आई म्हणायची, कुणाजवळ बोलू नकोस, लग्न जमायचं नाही. मग काय, लग्न जमलं, दुकान निघालं, आणि एवढी विद्या अंगात असून ती गेली कशात, तर मशीनखाली पडलेल्या सुया गोळा करण्यात. अरे, हनुवटी पुढे काढून झुकतोयस काय असा? सरळ उभा राहा, पाठीचं माप चुकतंय माझं.

तर मी ठरवलं, जायचं. आमच्या वन्सं — ह्यांची मोठी बहीण, दोन घरं सोडून राहतात, पण दिवसभर माझ्याच दारात — त्या हसल्या. म्हणाल्या, तू काय करणार गं तिथे, चोरांना काजं-बटणं लावणार? मी म्हटलं बघाच. आणि रागाच्या भरात सगळ्या गल्लीला सांगून बसले, की पाचवी मीच. दूधवाल्याला सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांना सांगितलं. आपलीच जीभ, दुसऱ्या कुणाला दोष देणार?

आत गेले तर लांबलचक टेबल, पलीकडे ही चौघं. मुखवटे डोळ्यांवर, म्हणजे दिसणार काय तर नाकाखालचं. एक तो पैलवान, ट्रक उचलतो तो. एक ती दिसेनाशी होणारी मोठी मुलगी. एक धाकटी, जी पाण्याचा बर्फ करते. आणि मधोमध म्होरक्या, उडणारा, तोंडात च्युइंगम. म्हणे, दाखवा काय येतं ते. मी घाबरले रे. एवढ्या वर्षांत लोकांसमोर कधी केलं नव्हतं, त्यामुळे जोर जरा जास्तच लागला. भिंतीवरच्या फळ्याच्या सगळ्या पिना निघाल्या, त्यांची चित्रं भराभर खाली आली, खिडकीची कडी निघाली — आणि म्होरक्या. आता मला काय माहीत की त्याच्या दातांना तारा आहेत? टेबलावरून आला, पोटावर घसरत, पाण्याचे ग्लास पाडत, तोंड पुढे करून, आणि थेट माझ्या तळहाताला चिकटला. च्युइंगमसकट. सोडवता सोडवता नाकी नऊ आले. पैलवान हसून हसून खुर्चीतून पडला. धाकटीला तर हसू आवरेना, खोलीतल्या सगळ्या सांडलेल्या पाण्याचा बर्फ झाला, त्यावरून म्होरक्या आणखी एकदा घसरला.

आणि उठल्यावर तो काय म्हणाला असेल? म्हणाला, "काकू, शिवणकामाची मुलाखत मागच्या दाराला आहे." बस. मला काकू म्हटल्याचं काही नाही, गल्लीतलं शेंबडं पोरही काकू म्हणतं. पण मागचं दार? मी चांगली साडी नेसून, केस विंचरून पुढच्या दारानं गेले होते. आणि त्याहून कहर ऐक — मी मागच्या दारानं बाहेर पडले, कारण पुढे बर्फ होता, तर तिथे बसलेल्या माणसानं माझा नाव-पत्ता लिहून घेतला आणि आठ दिवसांनी ह्या चार पोशाखांचं कापड माझ्या दुकानात येऊन पडलं. मी शिंपीण म्हणून पास झाले. वन्सं अजून पदर तोंडाला लावतात. तू परत झुकलास? बरा आहेस ना? मला राग आला की ही कात्री टेबलावर सरकते, ते मी समजू शकते, तू का सरकतोयस?

तर माझा बेत असा. आत्ता तुझ्या अंगावर आहे ती कच्ची शिलाई. हे लांब लांब पांढरे टाके दिसतात ना, ते नुसतं ट्रायलपुरतं कापड धरून ठेवतात, मग मशीनवर पक्की शिलाई मारायची आणि हे उसवून टाकायचे. मी पक्की मारणारच नाही. वरून इस्त्री करून, घडी घालून पाठवणार. उद्या दुपारी चौकात सत्कार आहे, सगळं गाव जमणार, म्होरक्या उडून दाखवणार. उडायला तो दोन्ही हात वर करतो, तू पाहिलंच असशील. हात वर झाले की काखेतून फाटत फाटत खाली. मी पहिल्या रांगेत खुर्ची धरून बसणार आहे, वन्संना शेजारी घेऊन.

चौघांचेही तसेच ठेवणार होते, खोटं नाही सांगत. पण धाकटीचा पोशाख हातात घेतला तर एवढासा गळा, त्यात ती बर्फ करते, गारठली म्हणजे? तिला आतून दुहेरी अस्तर लावून पक्कं शिवून टाकलं. पैलवानाचा तसाच ठेवायला जीव होईना, एवढा दांडगा पण मापं देताना लाजेनं कानापर्यंत लाल झाला होता. आणि दिसेनाशा होणाऱ्या मुलीचं म्हणशील तर — मुलीच्या जातीचं भर चौकात असं कसं करायचं? नाही करवत. म्हणून मग राहिला हा एकटा. ह्याच्यावर मात्र दया नाही. का, सांगू? हसली ती तिघं, ते चालतं, मीही हसले असते. पण ह्यानं मला बघितलंच नाही रे. जन्मात एकदा वाटलं होतं, कुणीतरी म्हणावं, बाई, तुमच्यावाचून अडलंय. नळ गळला की नळवाल्यावाचून अडतं, माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय? बटण तुटलं तर लोक पिन लावून जातात.

हे काय वाजतंय? तुझ्या मनगटावर? घड्याळ आहे का — लाल काय होतंय ते? काय बोलतायत त्यातून, पुलाच्या कठड्यावर बस अडकलीय? अगं बाई. पण ते तुला कशाला सांगतायत, तू तर — तोंड उघड. उघड म्हणते ना.

तारा.

म्हणजे स्वतःच आलास. लाज वाटली म्हणून कारकून होऊन आलास, तोंड मिटून, आणि माझं सगळं ऐकून घेतलंस. मान खाली नको घालूस आता, टाचण्या आहेत गळ्याशी. आणि थांब, कुठे निघालास? खिडकीकडे कुठे? हात वर करू नकोस. ऐक माझं, कच्ची शिलाई आहे, पुलापर्यंत तुझ्या अंगावर चिंधी राहायची नाही, आणि बसमधली माणसं जीव वाचवायचा सोडून तुझ्याकडे बघत बसतील. कपडे बदलायला वेळ नाही? पक्की शिलाई मारायलाही नाहीच. मग एकच उपाय आहे, डबीतल्या सगळ्या टाचण्या ह्या शिवणींवर बसवते — बघ, बसल्या. पण त्या मी धरल्यात तोवरच धरतील. मी इथे राहिले आणि तू तिकडे गेलास की संपलं.

काय म्हणालास? कुणावाचून अडलंय? नीट बोल, ह्या कानानं मला जरा कमी ऐकू येतं. — हं. पुन्हा एकदा. — नाही, ऐकू आलं होतं मघाशीच. पुन्हा म्हण.

बरं. मी येतेय ती माझ्या टाचण्यांसाठी, हे लक्षात ठेव, नव्या आहेत त्या. पदर खोचू दे. मला नीट धर, आणि फार उंच नको, मला गरगरतं. अरे देवा, दारात वन्सं. वन्सं, तुमचे पडदे उद्या शिवून देते, आत्ता दुकान बंद आहे, कडी तेवढी ओढून घ्या. अहो, असं आ वासून काय बघताय, कामावर चाललेय मी. चल रे. आणि तोंड मिटून उड.