जानेवारीची लाकडं

नाही, पण तुम्हीच सांगा, पैसे द्यायला निघालेल्या माणसानं यापेक्षा जास्त काय करायचं? पाया पडू? म्हाताऱ्याच्या छाताडावर बसून खिशात कोंबू? अहो, लोक पैसे बुडवतात, पैसे द्यायचे म्हटलं की गल्ली बदलतात, आणि मी, वेंडेल पिंकहॅम, शाळेची बस चालवणारा साधा माणूस, चेक लिहून, तारीख घालून, सही करून त्याच्या मागे मागे फिरतोय... आणि तो घेईना! चेक माझ्या खिशातच!

आता तुम्हाला सांगतो काय झालं. कॉरीननं आणि मी घर घेतलं. कॉरीन म्हणजे आमची ही. सतरा वर्षं भाड्यानं काढली होती हो, भिंतीला खिळा ठोकायचा तर मालकाला विचारा, कुत्रं पाळायचं तर मालकाला विचारा, आणि ती सारखी म्हणायची, "वेंडेल, एकदा तरी अशा घरात बसायचंय जिथं दुसऱ्या कुणाचा हक्क नाही." तर सप्टेंबरात मिळालं. साऊथ डनमोरला, रस्त्याच्या टोकाला, आल्टन ग्रिंडल नावाच्या त्र्याऐंशी वर्षांच्या म्हाताऱ्याचं घर. बायको गेली, गुडघे गेले, मुलीनं शहरातल्या आपल्या फ्लॅटवर न्यायचं ठरवलं, म्हणून विकलं.

वकिलाकडे सह्या झाल्या. तळघरात घर गरम ठेवायच्या तेलाची टाकी आहे, तिच्यात किती तेल उरलंय ते काट्यावर बघून ठेवलं होतं, त्या दिवसाचा भाव लावला, आकडा कागदावर, मी दिले, त्यानं घेतले, संपलं! किती सुटसुटीत! मग वकिलानं चष्मा वर केला आणि म्हणतो, "शेडमध्ये लाकूडही आहे म्हणे. ते तुम्ही आपसात बघा." आपसात बघा! अहो, दोन शब्दांत माणसानं माझ्या आयुष्याची वाट लावली.

मी तिथल्या तिथे चेकबुक काढलं. "आल्टन," म्हटलं, "किती लाकूड आहे?" "असेल साडेसहा कॉर्ड." कॉर्ड म्हणजे चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब असा रचलेला ढीग. "भाव काय चाललाय?" "अडीचशे." मी लिहिले सोळाशे पंचवीस डॉलर. फाडला, पुढे केला. म्हातारा चेककडे असा बघतोय, जसं काही मी त्याच्या हातावर मेलेला उंदीर ठेवलाय.

"असेल म्हणालो मी. आहे म्हणालो नाही. मोजल्याशिवाय पैसे घेत नसतो आम्ही." आणि वर, "तुम्ही किनाऱ्याकडची माणसं घेत असाल." किनाऱ्याकडची! चाळीस मैल हो! चाळीस मैलांवरून आलोय मी, पण त्या गावात मी म्हणजे साता समुद्रापलीकडचा!

दुसऱ्या दिवशी आला घडीची मोजपट्टी घेऊन. मी शेड तोवर धड बघितली नव्हती. आणि तुम्हाला सांगतो, बघितलं आणि दार धरून उभाच राहिलो. लाकूड रचणं म्हणजे काय असतं! भिंतीपासून भिंतीपर्यंत, एकेक फोड जागेवर, कोपरे असे की गवंड्यानं टोपी काढावी, हात फिरवला तर एक तुकडा बाहेर नाही. आणि प्रत्येक ढिगावर खडूनं महिना लिहिलेला. ऑक्टोबर. नोव्हेंबर. डिसेंबर. थेट एप्रिलपर्यंत! त्र्याऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेलेला, घर विकायला काढलेलं, आणि पुढच्याचा हिवाळा महिन्यावार लावून ठेवलाय! मी माझे मोजेसुद्धा जोडीनं ठेवत नाही हो.

मोजायला लागला. आणि सुरू झाला उलटा बाजार. "हा ढीग दोन इंच कमी भरतोय, यातले वजा कर." म्हटलं, "अहो, दोन इंचांनी काय होतंय?" "दोन इंच म्हणजे दोन इंच. आणि हे बर्चचं लाकूड आतून भुसभुशीत झालंय, याचे धरू नकोस." "आल्टन, मला चालेल बर्च!" "तुला चालेल, मला नाही चालणार." मी चढवतोय, तो उतरवतोय! मी सोळाशेवर अडून बसलो, तो चौदाशेवर आला, मी पंधराशे म्हटलं, तो तेराशे पन्नास म्हणाला! घासाघीस मी आयुष्यभर केली, पण विकणारा खाली ओढतोय आणि घेणारा वर ढकलतोय, हे पहिल्यांदा! शेवटी मी हात टेकले, नवा चेक फाडला. "बरं, तेराशे पन्नास. घ्या."

तर पट्टीची घडी घालतो आणि म्हणतो, "आत्ता कशाला? लाकडाचं काय खरं! जळल्यावर कळतं ऊब किती देतंय ते. जेवढं जळेल तेवढ्याचे घेईन, वसंतात. जळलं नाही ते माझं. मी येऊन बघत जाईन." आणि गेला! चेक माझ्या खिशातच!

कॉरीनला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे? घर आपलं, शेड आपली, आणि लाकूड त्याचं? म्हणजे तो येत राहणार?" म्हटलं, "येईल एखाद वेळ."

एखाद वेळ! अहो, दर बुधवारी! सकाळची मुलं शाळेत सोडून मी दहाला घरी येतो, हे त्याला कुणी सांगितलं देव जाणे, पण दहा वाजून पाच मिनिटांनी त्याची ती हिरवी गाडी अंगणात. पहिल्याच बुधवारी गाडीतून उतरला, दार लावलं, नाक वर केलं, धुराचा वास घेतला... आणि ओरडला! शेजारचं कुत्रं भुंकायचं थांबलं, एवढ्यानं ओरडला.

"जानेवारी जाळतोयस! ऑक्टोबरात जानेवारी जाळतोयस!"

मला कळेना. म्हटलं, "अहो, समोर होतं ते घेतलं." समोर म्हणजे दाराला अगदी लागून ओकच्या लाकडाचा, जानेवारी लिहिलेला ढीग होता. मी काय महिने वाचत बसू? हात घातला, उचललं, शेगडीत टाकलं. म्हातारा शेडच्या दारात उभा राहिला आणि मला शिकवायला लागला, पहिलीतल्या पोराला शिकवावं तसं. "ओक दाराशी का ठेवलाय? जानेवारीत कमरेएवढा बर्फ असतो, तेव्हा दोन पावलांत लाकूड मिळावं म्हणून. बर्च हलका, भुर्रकन जळणारा, तो मागच्या भिंतीला का? ऑक्टोबरात ऊन असतं, पाय असतात, चाल की लेका चार पावलं! आणि ऑक्टोबरच्या गारठ्याला हा रात्रभर धगधगणारा ओक? अरे, कॉफी गरम करायला घर पेटवतोस?" बरं, असं म्हणून थांबला का? नाही. वाकला, त्या गुडघ्यांनी वाकला, आणि मी उपसलेला ओक परत जागेवर लावला, एकेक फोड. आणि त्या ऑक्टोबरात जळलेल्या ओकचे पैसे? "ते धरायचे नाहीत. तुला सांगायला हवं होतं मी. चूक माझी."

चूक याची! आता अशा माणसाशी भांडायचं कसं, सांगा! भांडायला समोरच्यानं निदान थोडा तरी लबाड असायला हवं ना?

मग ते सुरूच झालं. दर बुधवारी यायचा, पट्टी लावायचा, जळलं किती ते वहीत लिहायचा, आणि मग म्हणायचा, "शेगडी धूर कशी ओढतेय बघू." शेगडीपाशी जायचा, तिची हवेची झडप अर्धा बोट इकडे, अर्धा बोट तिकडे, आणि खरंच सांगतो, घर वेगळंच गरम व्हायचं. धग नाही, घाम नाही, नुसती ऊब... वरच्या खोलीपर्यंत. मी तीच झडप तेवढीच फिरवायचो, तर घरभर धूर! मग तो खुर्चीत बसायचा. माझ्या खुर्चीत. कॉरीन कॉफी द्यायची, गुळाचा डोनट द्यायची, आणि तो गेला की मला धरायची. "वेंडेल, पैसे देऊन टाक. सतरा वर्षं मालक सोसले, आता माझ्याच घरात माझ्या शेगडीपाशी परका माणूस बसतो. त्याचं देणं फिटल्याशिवाय हे घर माझं वाटणार नाही मला." खरं होतं तिचं. अगदी खरं होतं.

म्हणून मी सगळे उपाय केले. टपालानं पाठवला, परत आला, पाकिटावर लिहिलेलं, "लाकूड अजून आहे." रोख दिली, पैसे साखरेच्या डब्याखाली सापडले. एकदा तर त्याच्या गाडीच्या सीटवर ठेवून आलो, तर पुढच्या बुधवारी म्हणतो, "तुझा कागद पडला होता माझ्या गाडीत, सांभाळत जा." आणि चेक माझ्या खिशातच!

फेब्रुवारीत मात्र मला त्याची मुलगी भेटली, लॉर्ना. किराणा दुकानात, दुधाच्या कपाटापाशी. म्हटलं, आता सापडली! खिशातून चेक काढला, चुरगळून फडका झालेला, आणि म्हटलं, "बाई, हा घ्या, तुमच्या वडिलांच्या खात्यात भरा, त्यांना सांगू नका, माझी सुटका करा."

तिनं चेक बघितला. आणि मग घडी घालून, माझ्या कोटाच्या खिशात परत ठेवला.

"देऊ नका हो," म्हणाली. "आमच्याकडे भिंतीवर बटण आहे, फिरवलं की खोली गरम होते. बाबा दिवसभर कोट घालून त्या बटणासमोर बसतात. म्हणतात, ऊब येते पण कुठून येते ते दिसत नाही. मी म्हणते, जा ना कुणाकडे तरी, जुने मित्र आहेत, बसा. तर म्हणतात, कामाशिवाय कुणाच्या दारात उभं राहायचं? तुम्हाला माहीतच आहे आपल्याकडची ही पुरुष मंडळी. बुधवारी मात्र सहाला उठून दाढी करतात. म्हणतात, माझं लाकूड बघायला जायचंय." आणि मग हळूच म्हणाली, "पैसे मिळाले तर काय सांगून घराबाहेर पडतील ते?"

मी दूध न घेताच घरी आलो.

कॉरीनला सांगितलं. ती भांडी घासत होती, तिनं नळ बंद केला, शेडमध्ये गेली, परत आली. "वेंडेल, यंदाच्या थंडीनं मार्चही खाल्ला, एप्रिलचा ढीग गुडघ्याएवढाच राहिलाय." म्हटलं, "हो." "संपेल." "संपणारच. मग घ्यावेच लागतील त्याला पैसे." तर माझ्याकडे असं बघितलं, जसं काही बर्फ पाडणं माझ्या हातात आहे आणि मीच तो मुद्दाम पाडतोय. आणि म्हणाली, "मंगळवारी तो डॉक्टरकडे असतो. मी दोन कॉर्ड लाकूड मागवते. मंगळवारी उतरवतील."

ही बाई! हीच बाई हो! जिला आपल्या घरात दुसऱ्याचा हक्क नको होता!

मंगळवारी आम्ही दोघांनी ते लाकूड त्याच्या लाकडावर रचलं. रचलं म्हणजे... ढीग केला. कोपरा धरला की मधे फुगायचं, मधलं दाबलं की कोपरा ढळायचा. वर कॉरीननं खडूनं "एप्रिल" लिहिलं, त्याच्यासारखं अक्षर काढत. बुधवारी दहा वाजून पाच मिनिटांनी हिरवी गाडी. शेडमध्ये शिरला. मी दारात उभा, मनात एकच, आता पकडलं तर संपलं, हा माणूस दया म्हणून एक कप कॉफी घेणारा नाही, वळेल आणि परत या रस्त्याला दिसणार नाही.

त्यानं एक फोड उचलली. वास घेतला. दुसरी उचलली, दोन्ही एकमेकींवर आपटल्या. सुकं लाकूड खणखणतं. हे नुसतं धप्प वाजलं.

"ओलं आहे," म्हणाला.

"तळाचं असेल तुमच्या," मी म्हटलं. माझा आवाज कुठून आला कुणास ठाऊक. "खालची ओल लागली असेल."

माझ्याकडे बघत राहिला. बघतच राहिला. आयुष्यभर प्रत्येक फोड स्वतः फोडलेला माणूस तो, त्याला काय कळलं नसेल? मग ती फोड त्यानं हळूच खाली ठेवली.

"असेल," म्हणाला. "मग चूक माझीच. ओल्या लाकडाचे पैसे मी घेत नसतो. हे यंदा जळायचं नाही, पुढच्या जानेवारीपर्यंत सुकवावं लागेल. मला लक्ष ठेवावं लागेल." कोट काढला, खिळ्याला टांगला, आणि आमचा तो सगळा ढीग उतरवून नव्यानं रचायला बसला. कोपरा असा लावला की बघत राहावं. मी फोडी देत होतो.

आणि तुम्हाला सांगतो, आता हा तिसरा हिवाळा. साडेसहा कॉर्ड लाकूड तीन हिवाळे पुरलंय! दर फेब्रुवारीत मंगळवारी ट्रक येतो, दर बुधवारी तो पट्टी लावून म्हणतो, "अजून आहे रे, पैशाचं बघू मग." मला आता बऱ्यापैकी रचता येतं. कॉरीन बुधवारी डोनट जास्त तळते. आणि चेक? अहो, त्या चेकवरची बँकसुद्धा बंद झाली, पण चेक माझ्या खिशातच!

काल बुधवार. लाकूड मी विकत आणलेलं, शेगडी मी विकत घेतलेली, घराचे हप्ते मी भरतोय, आणि मी बर्फातून कवेत भरून ओकच्या फोडी घेऊन आत येतोय, तर माझ्याच खुर्चीत, माझ्याच शेगडीसमोर, पाय पसरून बसलेला म्हातारा मान न वळवता मला म्हणतो...

"दार लाव रे वेंडेल, माझी ऊब सगळी बाहेर चाललीय!"

लावलं मी दार. काय करणार?