पहिली निवड पानशेतला दिली

चहा पाजा, पन कबड्डीचं नाव काढू नका. औंदा स्पर्धेला सगळ्या गावांचे खेळाडू संघांत वाटून घ्यायचे ठरले आन् चिठ्ठीत पहिली निवड आमच्या पासलीला आली. उत्रोलीचा संज्या चढाईला वाघ, पन फायनलच्याच दिवशी त्याचं लगीन. म्या म्हनलं, हळद लागलेला नवरा काय खेळतोय? पहिली निवड पानशेतवाल्यांना दिली, बदल्यात त्यांच्या दोन निवडी घेतल्या आन् दोन तगडे पकडवाले आनले.

फायनलला समोर पानशेत. बघतो तर संज्या, अंगभर हळद!

म्या पंचांवर वरडलो, "नवरा गावची शीव वलांडत न्हाई, ह्यो हितं कसा?"

पंच म्हनले, "वलांडली कुठं? मैदान उत्रोलीतच हाय. लगीन सांजच्याला हाय."

तवर आमचे दोन्ही पकडवाले गायब. फोन लावला.

"कुठं हाय रं?"

"मांडवात, दादा. संज्या आमचा चुलतभाऊ न्हवं का? घरचं काम टाकून कसं येनार?"

पाच जनांनी खेळलो, हरलो. सांजच्याला त्याच मांडवात खाली मान घालून जेवाय बसलो. त्या दोन पकडवाल्यांतलाच एक बुंदी वाढत आला आन् इचारतो कसा, "दादा, कोन जिंकलं?"